तांब्याच्या तबकात विझलेली पणती

पौडच्या एसटी स्टँडवर उतरलेली माणसं तहसील कचेरीकडे न वळता सरळ हैबतरावांच्या फार्महाऊसकडे चालू लागली, तेव्हाच मैमुनाबीच्या कपाळाला आठी पडली. एका उताऱ्यासाठी खिडकीपुढं उभं राहायचं तर ह्याच लोकांचे गुडघे दुखतात. आज मात्र रणरणत्या उन्हात, चपला हातात घेऊन, मुकाट्यानं रांगेत! पोटात दुखणारे, पोर न होणारे, नोकरी न लागणारे, लागलेली गेलेले. हिंजवडीकडनं गाड्या करून आलेले साहेबलोकसुद्धा होते. अडाण्याच्या जोडीला शिकलेला उभा राहिला की बाबाचा भाव वाढतो.

बाबाचं नाव नूरनाथ. नावातच दोन्हीकडची सोय. दाढी मौलवीची, जटा गोसाव्याच्या, आवाज लाऊडस्पीकरचा. हैबतरावांनी आपला हॉल त्याला दिलेला. खिडक्यांना जाड पडदे, भर दुपारी आत तिन्हीसांज. मधोमध लाकडी चौथरा, त्यावर पांढरी गादी, गादीवर बाबा. मागं यंत्रातला तंबोरा अखंड घूंऽ घूंऽ करत होता.

"हिंदूसाठी ज्योत, मुसलमानासाठी नूर!" बाबा डोळे मिटून गर्जला. "तेल नाही, वात नाही, तार नाही, काडी नाही! विश्वास हेच तेल, श्वास हीच वात! या, ओंजळ करा!"

माणसं एकेक करून पुढं जायची. टोपलीतली मातीची पणती उचलायची, ओंजळीत धरून गादीवर वाकायची, आणि पणतीच्या तोंडाशी पिवळा उजेड फुटायचा. हॉलभर "आऽऽ" व्हायचं. कुणी ती पणती कपाळाला नेली की उजेड मंद व्हायचा. त्यालाही बाबाकडं उत्तर तयार. "ज्योत तुमच्या आत शिरली, म्हणून बाहेर मंदावली!" लोक रडायला लागायचे. पणती खाली नेली तर चमत्कार, वर नेली तर त्याहून मोठा चमत्कार. असा सौदा मैमुनाबीनं जन्मात पाहिला नव्हता, आणि तिचा सगळा जन्म बाजारात गेला होता.

पौडच्या पेठेत तिचं भांड्यांचं दुकान. शाळा दुसरीपर्यंत, पण भांडं वाजवून तांबं किती, जस्त किती ते सांगणारी बाई. नवरा गेल्यावर दुकान तिनं चालवलं, पोरं तिनं शिकवली, आणि उभ्या गावाला जिभेच्या धारेवर धरलं. ती इथं आली होती सुनेच्या हट्टापायी.

दारात राजू नावाचा सेवेकरी बादली घेऊन उभा होता. अंगठ्या, बांगड्या, घड्याळं, मोबाईल, सगळं बादलीत. धातू म्हणजे माया, बाबाच्या नूराला ती चालत नाही. प्रसादसुद्धा पत्रावळीवरच आणायचा. मैमुनाबीच्या हातात मात्र कल्हई केलेलं तांब्याचं तबक होतं, त्यात मलिदा, वर तिच्या हातचा जाळीचा रुमाल.

"चाची, धातू आत न्हाई न्यायचा," राजू म्हणाला.

"सरक बाजूला. तुज्या आयच्या लग्नातला हंडा माज्या दुकानातनं गेलाय. आमच्यात गोडधोड तबकातनं देत्यात. पत्रावळीवर द्यायला हितं काय तेराव्याची पंगत हाय?"

राजू सरकला. मैमुनाबीपुढं पौडात अजून कुणी सरकलं नाही असं झालं नव्हतं.

आत सुनेची पाळी आली. जस्मीननं पणती ओंजळीत धरली, वाकली. पणती उजळली. पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मैमुनाबीचा मुलगा अन्वर मागं हात जोडून उभा होता.

"बेटी," बाबाचा आवाज लोण्यासारखा झाला, "तुझ्या डोक्यात एक सावली आहे. ती तुला पाडते. बरोबर?"

बरोबर कसं नसेल? आल्याबरोबर राजूनं "काय त्रास हाय, ताई?" असं विचारून घेतलं होतं. जस्मीनला लहानपणापासून फिट यायची. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि फिट थांबली.

"सावली निघाली," बाबा म्हणाला. "पुढच्या गुरुवारी गोळ्या घेऊन ये, आणि ह्या मडक्यात सोड. गोळी म्हणजे संशय! संशय पोटात असेपर्यंत नूर टिकत नाही."

जस्मीन भारावून गेली होती. तिनं सासूच्या हातातलं तबक बाबापुढं गादीवर ठेवलं, रुमाल बाजूला सारला आणि मोठ्या अदबीनं आपली उजळलेली पणती त्यातल्या मलिद्यावर टेकवली.

पणती विझली.

तंबोरा तेवढा घूं घूं करत राहिला. बाबाचे डोळे टक्क उघडले, तबकावर गेले, दाराकडं राजूवर गेले. मग आवाज चढला.

"कुणाचं हे भांडं? मैल आहे ह्यात! एका बाईच्या मनातला मैल तिच्या ताटात उतरलाय! अम्मा, तुम्ही लांब बसा. ह्या पोरीची ज्योत तुमच्यामुळं विझते आहे!"

सगळा हॉल मैमुनाबीकडं वळला. तिनं तबक उचललं. उचलताना बाबाचं मनगट तिच्या नजरेला पडलं. त्यावर घड्याळाच्या जागी न रापलेला गोरा पट्टा होता. बाहेर घड्याळ लावणारा आणि आत काढून ठेवणारा देवमाणूस!

"मैल?" ती म्हणाली. "माज्या भांड्यात? बरं. बघू."

घरी आल्यावर भांडण पेटलं.

"अम्मी, सगळ्यांच्या हातात लागती आन् तुज्या तबकात इझती, त्याला बाबा काय करनार?" अन्वर म्हणाला.

"तू गप. बायकोच्या गोळ्या मडक्यात टाकायला निघालाय मोठा भगत."

"त्यांना नका बोलू," जस्मीन म्हणाली. "मलाच सोडायच्यात. रोज सकाळी उठलं की पयली गोळी. माहेरी तेच, हितं तेच. बायका म्हनत्यात, अन्वरची फिटवाली बायकू. मला एक तरी सकाळ गोळीबिगर बघायचीय, अम्मी."

मैमुनाबीनं सुनेच्या हाताकडं बघितलं. पोरीच्या कोपरावरचा भाजल्याचा डाग तिला दिसत होता. लग्नानंतर महिनाभर लपवून गोळी न घेता राहिली होती, चुलीपुढं पडली. मैमुनाबीनंच ओढून काढलं होतं तिला. अजून कधी दूध उतू गेल्याचा वास आला तरी मैमुनाबी दुकानातून धावत आत येते.

पण हे तोंडावर बोलेल तर ती मैमुनाबी कसली?

"सकाळ बघायला मान्सानं जितं असावं लागतं," ती म्हणाली आणि चिंच घेऊन तबक घासायला बसली. घासून घासून त्यात स्वतःचं तोंड दिसायला लागलं. तोंड रागीट होतं, पण मैल कुठं नव्हता.

शनिवारी धाकटी मुलगी अफरीन आली. ती जांब्याला खोली घेऊन राहायची आणि हिंजवडीला इलेक्ट्रिक स्कूटरचे चार्जर बनवणाऱ्या कंपनीत होती. दिवसभर काय करतेस विचारलं तर म्हणायची, कॉम्प्युटरमध्ये ट्रान्सफॉर्मर काढते. मैमुनाबी गावात सांगायची, माजी लेक खोक्यात डीपी बसिवती.

सगळं ऐकून अफरीन आधी हसली. मडक्यात गोळ्या सोडायच्या हे ऐकलं तेव्हा तिचं हसू गेलं.

"अम्मी, हे तर आमचं रोजचं काम आहे गं."

"बाबा व्हायाचं?"

"ट्रान्सफॉर्मरचं! आपल्या गल्लीच्या डीपीत काय असतं? तारेची दोन वेटोळी. एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. एकात वीज उलटसुलट धावली की दुसऱ्यात आपोआप उठते. मधे तार नाही, काही नाही."

"म्हंजे सासू-सुनंवानी. एकीनं भांडं आपटलं की दुसरीच्या डोक्यात जाळ."

स्वयंपाकघरातून जस्मीनचं भांडं जोरात वाजलं. अफरीननं हसू दाबलं.

"अगदी तसंच. आणि जाळ किती, ते दोघी किती जवळ त्यावर. त्या जवळिकीला आम्ही 'के' म्हणतो. एक म्हणजे गळ्यात गळा. शून्य म्हणजे तोंडसुद्धा बघायचं नाही. माझ्या मते गादीखाली एक वेटोळं आहे, आणि पणतीच्या बुडाला एक. थांब, बनवूनच बघते."

तिनं लॅपटॉप उघडला. मैमुनाबी चष्मा पुसून शेजारी बसली. पडद्यावर अफरीननं दोन वेटोळी काढली, एकाला वीज लावली, दुसऱ्याला दिवा. बटण दाबलं. लाल अक्षरं आली.

"काय म्हनतंय?"

"दिव्याच्या बाजूला जमीन नाही म्हणतंय. जोडायला विसरले."

"बाबाचा दिवा तर हवेत जळतोय. त्याला कुटं हाय जमीन?"

"ती खरी जमीन नाही, अम्मी. सॉफ्टवेअरला मोजायला सुरुवात लागते. डोंगराची उंची मोजायची तर खाली कुठंतरी शून्य धरावं लागतं ना, तसं." तिनं एक खूण जोडली, परत बटण दाबलं. दिव्याची रेघ ठणठणीत वर उठली. "बघ! लागला दिवा!"

"चूक हाय," मैमुनाबी म्हणाली.

"काय चूक?"

"कपाळाला नेली की मंद व्हती. म्या बघितलंय. तुजी व्हतच न्हाई."

अफरीननं पडद्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि जीभ चावली. ऑफिसात दोन्ही वेटोळी एकाच गाभ्यावर घट्ट बसवलेली असतात. तिथं 'के' जवळजवळ एक. तोच आकडा तिनं सवयीनं टाकला होता. इथं मधे गादी, हवा, हात. आकडा पार खाली आणायला हवा होता. खाली आणला तर दिवाच लागेना. मग तिनं दोन्हीकडं एकेक कपॅसिटर बसवला. "झोका असतो ना, अम्मी, तो लयीत ढकलला तर थोड्या जोरानंही उंच जातो. तसं हे." घरच्या लायटीपेक्षा हजारो पट भरभर उलटसुलट धावणारी वीज लावली. आता दिवा लागला, आणि अंतर वाढवलं की मंद झाला.

"आता जमलं," अफरीन म्हणाली.

मैमुनाबीनं हाताची घडी घातली. "येक इचारू? तू चूक टाकलंस तर त्यानं चूक दाखिवलं. बरोबर टाकलंस तर बरोबर. मंग तुजा खोका बी बाबाच की. तू म्हनशील तसा नाचतोय."

अफरीननं लॅपटॉपवरचा हात काढला. असा प्रश्न तिला कॉलेजात कुणी विचारला नव्हता.

"फरक एकच आहे, अम्मी. बाबा कधीच चुकत नाही. दिवा लागला तर त्याचं बरोबर, विझला तर तुझ्यात मैल. हा चुकू शकतो. तू आत्ताच पकडलंस की."

मैमुनाबीला हे पटलं. स्वतःनं पकडलेली चूक होती, त्यामुळं जास्तच पटलं. "आन् माजं तबक?"

"तबक म्हणजे तिसरं वेटोळं. तांब्याचं, एकाच वेढ्याचं, तोंडाला तोंड जोडलेलं." अफरीननं ते मधे काढलं. "खालून येणारा सगळा जोर हेच खाऊन टाकणार. वरच्याला काही उरणार नाही."

बटण दाबलं. दिव्याची रेघ जमीनदोस्त झाली.

"म्हणून धातू आत न्यायचा नाही," अफरीन म्हणाली. "मायेचा काही संबंध नाही. धंदा बसतो."

दारातून जस्मीनचा आवाज आला. ती कधीची तिथं उभी होती. "हे चित्र हाय, अफरीन. मी हातात धरलीया ती पनती."

"बरोबर आहे, भाभी. हे चित्रच आहे. ते एवढंच सांगतं, की मी म्हणते तसं असेल तर काय काय व्हायलाच पाहिजे. कुणाचंही ताट असो, पापी असो की पुण्यवान, त्यात पणती विझली पाहिजे. ताट काढलं की लागली पाहिजे. आणि मी गुंडाळलेलं वेटोळं बिनमंत्राचं, अम्मीच्या हातातसुद्धा पेटलं पाहिजे."

"आन् न्हाई झालं तसं, तर?"

"तर मी खोटी."

"तर मी गोळ्या सोडनार," जस्मीन म्हणाली. "मग मला कुनी आडवायचं न्हाई. अम्मींनी बी न्हाई."

मैमुनाबीनं मनातल्या मनात तराजू धरला. एका बाजूला खोक्यातली एक रेघ, दुसऱ्या बाजूला चुलीपुढं पडलेली पोर. तिनं लेकीकडं बघितलं. अफरीनच्या तोंडावरचा रंग जरासा उतरला होता, पण नजर हलली नव्हती.

"लाव पैज," मैमुनाबी म्हणाली.

आता प्रश्न एवढाच, की गुरुवारी ताट आत न्यायचं कसं. एकदा फसलेला राजू दुसऱ्यांदा सरकणार नव्हता. त्याचं उत्तर मात्र खोक्यात नव्हतं. ते मैमुनाबीच्या दुकानात होतं.

पिठाच्या गिरणीवाली शारदा सकाळी डबा बदलून घ्यायला आली, तेव्हा मैमुनाबी म्हणाली, "घेऊन काय करतीस? बाबा म्हनला माज्या भांड्यात मैल हाय. तुज्या घरात तर समदी भांडी माजीच. मनीषच्या लग्नातलं ताट बी. मनीष जेवतोय ना त्यात?"

शारदानं डबा खाली ठेवला. "आगं चाची, मग?"

"मग काय? बाबालाच दावून घे. गुरवारी ताट घिऊन चल. मैल निघाला तर म्या समदं मोडीत घिऊन नवं देती."

दोन दिवसांत ही गोष्ट पौडभर झाली, शेजारच्या चांद्यापर्यंत गेली. गावात असं घर नव्हतं जिथं मैमुनाबीच्या दुकानचं भांडं नाही. लग्नात, बारशात, वास्तुशांतीला दिलेली, नावं कोरलेली भांडी. सगळं गाव मैल्या ताटात जेवतंय की काय? बाबाचं तेवढं एक वाक्य मैमुनाबीनं घरोघर पोचवलं, आणि पदरचं काही घातलं नाही. त्याची गरजच नव्हती.

गुरुवारी फार्महाऊसच्या दारात बायकाच बायका. प्रत्येकीच्या हातात ताट. पितळेचं, तांब्याचं, स्टीलचं. राजूनं बादली पुढं केली.

"ह्यात मावतंय का बघ," शारदा म्हणाली आणि ताट घेऊन आत शिरली. तिच्यामागं सगळ्या. राजू बादलीसकट भिंतीला चिकटला.

आत बाबा गादीवरून अर्धा उठला. "धातू बाहेर! माया बाहेर!"

"माया न्हाई, बाबा, ताटं हायेत," शारदा हात जोडून म्हणाली. तिची भक्ती खरी होती, म्हणून तर बाबाची पंचाईत. "मैल असंल तर सांगा. पोरं जेवत्यात ह्यात." आणि तिनं ताट गादीवर टेकवून त्यात एक पणती ठेवली. 'चि. मनीष यांच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ' ह्या अक्षरांवर पणती काळीठिक्कर राहिली.

"मैल!" बाबा गरजला. गरजणं भागच होतं.

दुसरीचं ताट. काळोख. तिसरीचं. काळोख. मग गर्दीतून हैबतरावांची बायको सुनीतीताई पुढं आल्या. त्यांच्या हातात जाड पितळी ताट, त्यावर हैबतरावांच्या स्वर्गवासी आईचं नाव. पणती ठेवली. विझली.

हैबतराव कोपऱ्यातून बाबाकडं बघत होते. बाबानं ताटावरचं नाव वाचलं. ज्याच्या हॉलमध्ये बसून नूर पाजळायचा, त्याच्या मेलेल्या आईच्या ताटात मैल कसा सांगायचा?

"हे... हे ताट पुण्यवान आहे," बाबा म्हणाला. "इतकं पुण्यवान, की ज्योत त्यात विलीन झाली."

"वा गं माज्या पन्त्ये!" मैमुनाबी मागून म्हणाली. "मैल असला तरी इझती, पुन्य असलं तरी इझती. आदी ठरवून तरी घे गं बाई."

कुणीतरी फिसकन हसलं. हसणं हा रोग बाबाच्या दरबारात आजवर शिरला नव्हता.

तेवढ्यात जस्मीन पुढं झाली. तिच्या एका मुठीत गोळ्यांची पाकिटं होती, काखेत रुखवतातलं छोटं ताट, तिचं नाव कोरलेलं. ती कुणाकडं बघत नव्हती. तिनं पणती मोकळ्या हातात धरून गादीवर नेली. उजळली. जस्मीननं दुसऱ्या हातानं खाली ताट सरकवलं. विझली. ताट काढलं. उजळली. सरकवलं. विझली. काढलं, उजळली. पोरगी तिथंच गुडघे टेकून बसली आणि पुन्हा पुन्हा तेच करत राहिली. लहान पोर दिव्याच्या बटणाशी खेळतं तसं.

"बाबा," ती म्हणाली, हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "माजा मैल ताट सरकवलं की येतो आन् काढलं की जातो व्हय?"

बाबानं जटा मागं सारल्या.

"बाई गं, ही अविश्वासाची हवा—" असं काहीसं त्यानं सुरू केलं, पण मैमुनाबी पुढं आली होती. तिच्या हातात लोणच्याच्या बरणीचं प्लास्टिकचं झाकण होतं. त्यावर अफरीननं तार गुंडाळून कपॅसिटर आणि एक छोटा दिवा बसवला होता.

"आता मैल्या बाईची पाळी. मंतर म्हनते हं." तिनं झाकण गादीवर धरलं. "कांदा, बटाटा, लसूण, मेथी!"

दिवा लख्ख लागला. बाबाच्या पणतीपेक्षा जास्तच.

हॉलमध्ये एकच गलका उठला. हसू, आरडाओरडा, "धरा त्याला!" अफरीन पुढं धावली, पण तिच्याआधी जस्मीननं गादीचं टोक पकडून उलटवलं. खाली चौथऱ्याच्या फळीत जाड तारेचं वेटोळं, मोठ्या परातीएवढं, नीट सापासारखं बसलेलं. त्याची दोन टोकं फळीतून खाली, पडद्यामागं. तिथं पंखा लावलेला एक खोका घरघरत होता. तंबोरा कशाला घूं घूं करत होता ते आता कळलं. खोक्याच्या पंख्याचा आवाज झाकायला.

शारदानं एक पणती फरशीवर आपटली. बुडातल्या लाखेच्या थरातून बारीक तारेचं वेटोळं आणि मोहरीएवढा दिवा बाहेर पडला.

"हेच आमच्या डीपीत असतं," अफरीन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हेच तुमच्या मोबाईलच्या चार्जरमध्ये. खालचं वेटोळं वरच्याला वीज देतं, हवेतून. मधे धातू आला की थांबतं. म्हणून बांगड्या बादलीत." आणि तिनं प्लग ओढला. चौथऱ्याभोवतीच्या हातांतल्या, ओंजळींतल्या सगळ्या पणत्या एकदम विझल्या. पापी आणि पुण्यवान एकाच क्षणी.

"नूर... नूर तारेतूनही वाहतो..." बाबा पुटपुटला.

"मंग आमी वायरमनच्या पाया पडतो की!" मैमुनाबी म्हणाली. "त्यो बिचारा पावसात खांबावर चढतोय. तुज्यावानी गादीवर बसत न्हाई."

हैबतरावांनी स्वतः पडदे ओढले. खरं ऊन आत आलं आणि बाबाच्या दाढीचा रंग उडालेला दिसला. त्यांनी पोलिसांना फोन लावला. चमत्काराच्या नावावर लोकांना फसवणं हा ह्या राज्यात गुन्हा आहे, हे त्यांना आजच आठवलं. आठवलं हेही काही कमी नाही.

सगळे काही शहाणे झाले नाहीत. बाहेर पडताना एक म्हातारी म्हणालीच, "तार असंल, पन माजी कंबर खरंच हलकी झाली व्हती."

"हलकी झाली आसंल तर नाच खुशाल," मैमुनाबी म्हणाली. "पन कंबरंला औषिद डाक्टरचं. आन् फुडचा बाबा आला की पयलं त्याचं मनगट बघ. घड्याळ काडून बसलाय का, ते."

घरी आल्यावर जस्मीन ओट्यापाशी उभी राहिली. मुठीतली पाकिटं घामानं ओली झाली होती. तिनं ती पुसून डब्यात ठेवली. पाण्याचा पेला भरला, संध्याकाळची गोळी घेतली, आणि रडली. गोळीबिगरची सकाळ परत लांब गेली होती, त्याचं ते रडू होतं. चमत्कार खोटा निघाला तरी त्याची आशा खरी असते. ती मोडताना दुखणारच.

मैमुनाबीला हे कळलं. तिनं सुनेच्या खांद्यावर हात ठेवला नाही. असं काही तिला जमत नसे. तिनं तबक काढलं, त्यात मलिदा घातला आणि सुनेपुढं सरकवलं.

"सोमवारी डाक्टरकडं जाऊ," ती म्हणाली. "गोळी कदी कमी व्हनार, व्हनार का न्हाई, पोर व्हायचं तर कोन्ती चालंल, समदं इचारू. उत्तर न्हाई दिलं त्यानं नीट, तर का न्हाई, ते बी इचारू. डाक्टर हाय म्हनून सुटंल व्हय माज्या हातनं?"

जस्मीन डोळे पुसता पुसता हसली. "अम्मी, त्यांच्याफुडं ताट नका घिऊन येऊ."

तर वाचणाऱ्यांनो, माझं म्हणणं एवढंच. चमत्कार दिसला तर डोळे मिटू नका, उघडा. आणि नुसते उघडून थांबू नका. ताट ठेवा, उचला. ठेवा, उचला. जवळ न्या, लांब न्या, दुसऱ्याच्या हातात द्या. खरं असेल ते शंभर वेळा करूनही खरंच राहतं, त्याला राग येत नाही. ज्याला तपासलेलं चालत नाही, विचारलं की जो तुमच्यातच मैल काढतो, त्याच्या दारात चपला काढू नका. काढल्या असतील तर घाला, आणि ताठ मानेनं घरी या. आपल्या ताटात मैल नाही.